छत पुन्हा गळवण्याचा हुकूम

ऑफिसात त्याला सगळे 'पूर्ववत' म्हणायचे. तोंडावर 'साहेब', पाठ वळली की 'पूर्ववत'. "पूर्ववत आलेत का?" "जरा थांब, पूर्ववत आज भडकलेत." हे त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. काही लोकांना स्वतःच्या हट्टाचंही कौतुक असतं, हा त्यातलाच एक.

त्याचं काम असं होतं. शहरात इमारतींचे मालक असतात आणि त्या इमारती सांभाळायला त्यांनी नेमलेले मॅनेजर असतात. मालकाला भाडं हवं असतं, पण इमारतीची कटकट नको असते. मॅनेजरला पगार हवा असतो आणि वर जमेल तेवढा मानही हवा असतो. मग कधीतरी मॅनेजर मालकाला न विचारता काहीतरी दुरुस्त करून बसतो, मालक बोंब मारतो आणि दोघंही एकमेकांची उणीदुणी काढत ह्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. टेबलामागे पाटी होती, 'विनापरवाना दुरुस्ती : तक्रारी'. त्या पाटीखाली हा बावीस वर्षं बसला होता.

बावीस वर्षांत त्याने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "लेखी परवानगी होती?"

परवानगी कधीच नसायची. असती तर ते आले कशाला असते? मग तो लाल शाईचं पेन उघडायचा आणि निकाल लिहायचा. शेवटची ओळ ठरलेली : पूर्ववत करावे. म्हणजे मॅनेजरने नवा नळ बसवला असेल तर तो काढून जुना ठिबकणारा परत लावा. दार घासून सारखं केलं असेल तर पुन्हा अडेल असं करा. हो, हसा. एकदा एका मॅनेजरने जिन्यातली फुटकी काच बदलली होती. हुकूम निघाल्यावर तो बिचारा भंगारवाल्याकडे जाऊन तेवढ्याच आकाराची फुटकी काच शोधत हिंडला, आणि सापडल्यावर पेढे वाटावेत अशा थाटात सांगायला आला. ह्याने त्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारला.

मालकांबद्दल त्याला काडीचा आदर नव्हता, मॅनेजरांबद्दल तर त्याहून नव्हता. घरी जेवताना बायकोला सांगायचा, "एक जात सगळे हलकट. मालक न बघता ओरडतो आणि मॅनेजर न विचारता करतो. माझ्यासारखा माणूस मध्ये बसलाय म्हणून चाललंय." बायको हूं म्हणायची. तीही एकदा ह्या हुकमातून गेली होती. तो चार दिवस बाहेरगावी गेला असताना तिने कपाट खिडकीपासून हलवून भिंतीशी लावलं, म्हणजे खोलीत उजेड यावा. परत आल्यावर त्याने बूटही न काढता विचारलं, "मला विचारलं होतंस?" संध्याकाळी कपाट पुन्हा खिडकीपाशी. तेव्हापासून ती दुपारी दिवा लावून भाजी निवडते.

आणि हा माणूस कधी जागेवर जायचा नाही. ह्याचंही कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो एका इमारतीत पाहणीला गेला, मॅनेजरने चहा पुढे केला, ह्याने प्यायला. दुसऱ्या दिवशी मालकाचा अर्ज : अधिकारी चहा पिऊन फितूर झाले. वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर चंपी केली. त्या एका कपाने त्याला असा धसका बसला की त्याने शपथच घेतली, यापुढे फक्त कागद बघायचा. पाहणीला कारकून जायचा, सही करून यायचा. लोक त्याला निःपक्षपाती म्हणायचे. मी तर म्हणेन, उंटावरून शेळ्या हाकायचं काम त्याने सरकारी पगारावर केलं.

तर एका बुधवारी त्याच्यासमोर एक मालक आणि एक मॅनेजर आले.

मालक म्हणजे सासऱ्याने ठेवलेल्या तीन इमारतींवर बसलेला एक गुळगुळीत गृहस्थ. इस्त्री अशी की वाकला तर मोडेल. त्याची तक्रार : मॅनेजरने परवानगीशिवाय गच्चीवर डांबर ओतून भेग बुजवली. मॅनेजर म्हणजे घामट, लाचार हसणारा प्राणी. कोणी शिवी दिली तरी "बरोबर आहे साहेब" म्हणणारा.

"का बुजवलीत?" पूर्ववतने विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण त्याला मॅनेजरांना घाम फुटलेला बघायला आवडायचं.

"साहेब, खाली बाई राहतात. पलंगावर पाणी गळत होतं."

"किती दिवस गळत होतं?"

"सहा वर्षं, साहेब."

"मग सहा वर्षांनी दया आली?"

मॅनेजर हसला. खरं कारण फायलीत होतंच. त्याचा मेहुणा गच्चीचं काम करणारा गवंडी, त्याच्याकडे दुसरीकडचं अर्धं पिंप डांबर उरलं होतं, ते सुकायच्या आत कुठेतरी ओतायचं होतं. मेहुण्याचं डांबर आणि बाईंचं नशीब, एवढाच संबंध. दयेचा लवलेश नाही.

मालकाने मात्र छातीवर हात ठेवला. "साहेब, प्रश्न डांबराचा नाही. तत्त्वाचा आहे."

तत्त्व! ह्या तत्त्वाची गोष्ट अशी होती. वरच्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत बाई एकोणतीस वर्षं राहत होत्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आता निवृत्त, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. मालकाला खोली पोरासाठी हवी होती आणि बाई हलत नव्हत्या. मग त्याने नगरपालिकेत अर्ज टाकला की छत गळतं, खोली राहण्यालायक नाही, भाडेकरूला बाहेर काढावं. सोमवारी नगरपालिकेचा इंजिनीयर बघायला येणार होता. गळत असेल तर बाई रस्त्यावर, कोरडं असेल तर अर्ज फेटाळला. आणि ऐन वेळी ह्या गधड्या मॅनेजरने मेहुण्याच्या डांबरापायी छत कोरडं करून ठेवलं. मालकाला त्याची गळती परत हवी होती, सोमवारच्या आत.

फायलीत नगरपालिकेच्या नोटिशीची नक्कल होती. पूर्ववतने ती वाचली नाही, कारण तो त्याचा विषय नव्हता. मालकाने फोटोही जोडला होता, छतावरचा ओला डाग आणि खाली स्वतःच्या सुबक अक्षरात, 'खिडकीपासून सहा फूट, पलंगाच्या बरोबर वर'. स्वतःच्या घराची गळती इतक्या मायेने मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"लेखी परवानगी होती?" पूर्ववतने विचारलं.

"नव्हती, साहेब," मॅनेजर म्हणाला.

लाल पेन उघडलं. गच्ची शनिवारपर्यंत पूर्ववत करावी. त्याच दिवशी पाहणी होईल.

मालक इतका खूश झाला की जाताना त्याने मॅनेजरची पाठ थोपटली.

घोडं अडलं ते शनिवारी. कारकुनाला कांजिण्या झाल्या. चाळिशीतल्या माणसाला कांजिण्या! पूर्ववतने फोनवर त्याला झापलं, पण कांजिण्या काही पूर्ववत होईनात. दुसरं कोणी नव्हतं. सही करायची तर जायलाच हवं. पाण्याची बाटली घरून भरून घेतली, म्हणजे कुणाच्या चहाला तोंड लावायला नको, आणि निघाला.

चार मजले चढून वर पोचला तेव्हा धाप लागली होती आणि गच्चीवर तमाशा चालला होता. मॅनेजरचा मेहुणा उकिडवा बसून छिन्नीने स्वतःचंच डांबर उकरत होता. मॅनेजर रबरी पाइपने पाणी सोडत होता. आणि मालक, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मधे उभा राहून ओरडत होता.

"अरे गळव ना! सकाळपासून काय करतोयस?"

"साहेब, काम पक्कं झालंय," मेहुणा रडवेला होऊन म्हणाला. "आत मुरलंय डांबर."

"तुझं एक तरी काम आजवर पक्कं झालंय का?"

"नाही ना साहेब! तेच म्हणतोय!"

पूर्ववतला वाटलं होतं तो येताच सगळे सावरून उभे राहतील. कुणी ढुंकून बघितलं नाही. मालक फक्त म्हणाला, "आलात? खाली जाऊन बसा. गळलं की हाक मारा."

म्हणजे हा बावीस वर्षांचा अधिकारी, ह्याने खाली जाऊन छताकडे बघत बसायचं आणि थेंब पडला की ओरडायचं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सही करायची होती, म्हणून गेला.

खोली लहान होती आणि लख्ख. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत दोन कुंड्या, भिंतीला पुस्तकांची फळी. पलंग कामासाठी कोपऱ्यात ढकलला होता, गादीवर प्लॅस्टिक. ऑपरेटरबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, चष्मा जाड, आवाज मात्र असा की पलीकडचा माणूस आपोआप नीट बोलू लागावा.

"बोला," त्या म्हणाल्या.

त्याने हुद्दा सांगितला.

"अच्छा. ते तुम्ही होय." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हुकूम वाचला मी. दोन पानं. मालक आहे, मॅनेजर आहे, डांबर आहे. मी कुठे आहे?"

"बाई, तक्रार मालक आणि मॅनेजर ह्यांच्यातली आहे. भाडेकरू त्यात पक्षकार नसतो."

"छत कुणाच्या डोक्यावर आहे?"

त्याला उत्तर माहीत होतं, पण नियमात बसत नव्हतं.

"सोमवारी इंजिनीयर येणार आहे हे माहितीये ना? की तेही पक्षकार नसल्यामुळे वाचलं नाहीत?" त्यांनी फळीवरून एक नोटीस काढून त्याच्या हातात दिली. तीच, जिची नक्कल त्याच्या फायलीत होती. ह्या वेळी त्याने वाचली, कारण समोर त्या बसल्या होत्या. खोली राहण्यालायक नसल्यास भाडेकरूने पंधरा दिवसांत जागा सोडावी. "सहा वर्षं छत आपण होऊन गळायचं," त्या म्हणाल्या. "त्याचा राग नाही आला कधी. छताला काय कळतं? पण चार धडधाकट पुरुष मिळून ते गळवायला बसलेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघते. त्यातला चौथा तुम्ही."

पूर्ववतला चौथा म्हटलेलं झोंबलं. त्या तिघांच्या रांगेत? जन्मभर तो ह्या लोकांच्या वरचा होता. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात दाराच्या चौकटीवर टप्प झालं. आणखी एक. मग धारच लागली.

मालक जिन्यावरून दणदण उतरत आला, ओले पाय, चेहरा असा फुललेला की मुलगा झाल्याची बातमी आली असावी. "गळलं! गळलं की नाही?" धारेखाली हात धरून त्याने पाणी ओंजळीत घेतलं आणि ह्याला दाखवलं. "बघा साहेब! करा सही!"

मागून मॅनेजर आणि मेहुणा आले. मॅनेजर हसत होता, कारण मालक हसत होता. मेहुणा सुस्कारा सोडून भिंतीला टेकला.

आता कुणाला वाटेल, इथे ह्या माणसाच्या मनात माणुसकी जागी झाली. मुळीच नाही. माणुसकीबिणुसकी काही नव्हती. त्याला फक्त त्या ओंजळीची किळस आली. स्वतःच्या घरातून पाणी गळतंय म्हणून नाचणाऱ्या ह्या बुळबुळीत माणसाच्या शेजारी आपली सही जाणार, ह्या कल्पनेने त्याच्या अंगावर शहारा आला. त्याने बॅगेतून फाईल काढली आणि फोटो वर धरला.

"हे पूर्ववत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"खिडकीपासून सहा फूट, पलंगाच्या बरोबर वर. अक्षर तुमचंच ना? हे दारावर गळतंय. खिडकीपासून चांगलं बारा फूट."

"अहो, गळतंय ना पण!"

"हुकूम पूर्वीची स्थिती आणण्याचा आहे. नव्या जागी छत गळवण्याचा नाही."

मालक मेहुण्यावर उलटला. "तिथे फोडायला काय झालं होतं तुला?"

"तिथेच फोडलं साहेब! पाणी काय माझं ऐकतंय?"

"मग परत फोड!"

"थांबा," पूर्ववत म्हणाला. आता त्याच्या आवाजात बावीस वर्षांचा सराव होता, आणि खरं सांगतो, मजाही होती. "नव्या ठिकाणी छताला भोक पाडायची लेखी परवानगी आहे? नगरपालिकेची?"

"माझी इमारत आहे!"

"परवानगी आहे?"

जन्मात मालकाला कुणी हा प्रश्न विचारला नसावा. पूर्ववतने पुस्तकांच्या फळीवर कागद टेकवला आणि लाल शाईत लिहिलं : आज मालकाच्या सांगण्यावरून, विनापरवाना, छतास नवीन गळती पाडण्यात आली. ती आज सायंकाळपर्यंत बुजवून छत आज सकाळी होते तसे कोरडे, पूर्ववत करावे. पुढील हुकमापर्यंत गच्चीस कोणी हात लावू नये. प्रत इंजिनीयर यांना.

"मी वरपर्यंत जाईन!" मालक किंचाळला.

"जरूर जा. फोटो न्यायला विसरू नका."

मालक पाय आपटत गेला. दुमडलेली पँट सरळ करायचंही भान राहिलं नाही. मॅनेजर त्याच्यामागे "बरोबर आहे साहेब, बरोबर आहे" करत पळाला, आणि काय बरोबर आहे हे त्या बावळटाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मेहुणा डांबर तापवायला वर गेला. पिंपाच्या तळाला अजून थोडं होतं.

खोलीत दोघंच उरले. पूर्ववतने पेन बंद केलं आणि उगाच खाकरला. बाई आता आभार मानतील, डोळ्यांना पदर लावतील, चहा विचारतील, आणि आपण नको म्हणू, असं सगळं त्याच्या मनात जुळून आलं होतं.

"पलंग धरा त्या बाजूने," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

त्याने धरला. दोघांनी मिळून पलंग जागेवर सरकवला. त्यांनी प्लॅस्टिक काढून घडी केलं, गादीवर हात फिरवला, कोरडी आहे ह्याची खात्री केली. मग उशी ठेवता ठेवता, अगदी सहज, विचारलं.

"आज तुमचा माणूस आजारी पडला म्हणून तुम्ही आलात ना?"

"हो. कांजिण्या."

"त्याला कांजिण्या झाल्या नसत्या तर त्याने सही केली असती."

त्याने फाईल बॅगेत घातली.

"ह्याआधी असं किती घरांत करायला लावलंत?"

"बाई, नियमाप्रमाणे प्रत्येक प्रकरण—"

"किती?"

"मोजलं नाही."

"मग मोजा," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

सोमवारी इंजिनीयर आला, छताला हात लावून बघितला, कोरडं आहे म्हणून लिहून गेला. बाईंची खोली राहिली. हे सांगायला मॅनेजर स्वतः ऑफिसात आला होता. पूर्ववत टेबलावर नव्हता. जुन्या फायलींच्या खोलीत होता.

सकाळपासून तिथेच होता. शिपायाला वाटलं वरून तपासणी येणार. "काय शोधताय साहेब? मी काढून देतो." "काही नाही, तू जा," असं म्हणून त्याने दार लोटून घेतलं होतं. तो गठ्ठे सोडत होता आणि एका कोऱ्या कागदावर रेघा ओढत होता. नळ. कडी. खिडकीची झडप. संडासाचं दार. पहिल्यांदा भरभर मोजत होता, कारण त्याला वाटलं होतं आकडा लहान निघेल आणि बाईंना पत्र लिहून कळवता येईल. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे सत्तेचाळीस झाले आणि अर्धी मांडणीही संपली नव्हती.

मग चौदा वर्षांपूर्वीचा एक गठ्ठा निघाला. मॅनेजरने जिन्याला विनापरवाना लाकडी कठडा बसवला. मालकाची तक्रार. पूर्ववत करावे. कठडा काढल्याचा कारकुनाचा दाखला. 'समाधानकारक'. हेही तो मोजून पुढे जाणार होता, पण दाखल्यामागे टाचणीने लावलेलं वहीचं एक पान होतं. बाईमाणसाचं अक्षर.

'साहेब, आमच्या सासऱ्यांना दिसत नाही. कठडा धरून ते रोज खाली जायचे, कोपऱ्यावर बसायचे, तेवढंच त्यांचं बाहेर जाणं. कठडा काढल्यापासून ते उतरत नाहीत. दारात येतात, हात पुढे करून चाचपतात आणि आत जातात. कठडा का काढला असं मला विचारतात. मी काय सांगू? एकदा येऊन बघाल का?'

पानाच्या कडेला लाल शाईत दोन शब्द होते, 'दाखल करावे', आणि खाली त्याची सही. सही तेव्हा जरा जास्त वळणदार होती. पत्र वाचल्याचं त्याला काही केल्या आठवेना.